चार माझी, चार तुझी

“मग माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा ना, मास्तर.”

निषाद परचुरे विचारत होता, आणि विचारताना त्याची मान जराही खाली नव्हती. पुण्याचा मुलगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं, म्हणून पोराचं नावसुद्धा सुरावरून ठेवलेलं. बासरी शिकला, बासरीत नाव काढलं, आणि एक दिवस ती बाजूला ठेवून वसईला इनास मास्तरच्या ओटीवर येऊन बसला. कशासाठी? तर पत्र्याच्या शिट्टीवर जॅझ शिकायला.

शिट्टी म्हणजे खरंच शिट्टी. दीड वीत लांब, सहा भोकं, वर प्लास्टिकचं तोंड. शाळेतल्या पोरांची गाणी वाजवायला ठीक. जॅझला जे मधले, तिरपे सूर लागतात ते तिच्यात नाहीतच. भोकावरचं बोट अर्धवट उचलून ते तिच्याकडून मागून घ्यावे लागतात.

इनासला ती गोदीत उतरलेल्या एका आयरिश खलाशानं दिली. मुंबईच्या हॉटेलात, सुटाबुटातल्या लोकांपुढे, त्यानं तिच्यावर जॅझ वाजवला. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. हे मला ठाऊक आहे, कारण मागे ड्रम बडवायला मी होतो.

आता ड्रम नाही आणि हॉटेलही नाही. आता मी रोज संध्याकाळी इनासकडे चहा प्यायला जातो.

“कमी काही नाही,” इनास म्हणाला.

“मग एकदा माझ्याबरोबर वाजवा. एकदाच.”

“दात कुठं आहेत मला? कवळीतून फुंक गळते.”

“गळू दे.”

“चहा घे. निवतोय.”

निषादनं कप उचलला नाही.

त्याचंही बरोबर होतं. इतकी वर्षं तो दर रविवारी पुण्याहून यायचा. इनास त्याला शिकवायचा, बोटं धरून दाखवायचा, चुकलं की गुणगुणून सांगायचा. पण स्वतःची शिट्टी कधी ओठाला लावत नसे. ती समोरच कठड्यावर पडलेली असायची. आणि आता उद्या इनासची लेक येऊन त्याला कायमचं बेंगळुरूला नेणार होती. आतल्या खोलीत बॅगा बांधून तयार होत्या.

खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं. पण म्हाताऱ्या माणसानं ते चहात लपवावं.

“जगात तुमचं एवढं एकच वाजवणं उरलंय, मास्तर,” निषाद म्हणाला. “ती टेप. मी ती पूर्ण बसवलीय. एक बोट इकडचं तिकडं नाही. ती ऐकून जर तुम्हाला वाटलं की मी लायक नाही, तर मी पुन्हा विचारणार नाही.”

“वाजव.”

ही टेप म्हणजे हॉटेलातल्या एका हौशी पाहुण्यानं, टेबलावर यंत्र ठेवून, एका रात्री धरलेलं आमचं वाजवणं. पुढं ती कुणाकुणाच्या हाती लागली आणि जॅझवाल्यांत गाजली. त्यात एका जागी इनास एकदम थांबतो. चार आवर्तनं नुसता ताल चालतो, शिट्टी गप्प. मग तो पुन्हा सुरू करतो, पुन्हा थांबतो. जाणकार लोक त्याला ‘इनासचं मौन’ म्हणतात. कुणी त्यावर लेख लिहिलाय म्हणे. मी वाचला नाही, आपल्याला झेपत नाही.

निषादनं शिट्टी पुसली, कपाळाला लावली. मी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बोटांनी ताल धरला.

पोरानं वाजवलं... काय सांगू. तोच वेग, तीच वळणं. अर्ध्या भोकातून काढलेला तो दुखरा सूर, तोही तसाच. मी डोळे मिटले असते तर मला पुढं टेबलं दिसली असती. मिटले नाहीत, कारण मला इनासकडे बघायचं होतं.

थांबायची जागा आली. निषादनं शिट्टी ओठातून काढता काढता घशातून एक बारीक खरखर केली, आणि गप्प झाला. चार आवर्तनं बरोबर मोजली. पुन्हा सुरू केलं.

“थांब,” इनास म्हणाला.

मी डब्यावरचा हात उचलला.

“ते काय होतं?”

“कुठलं?”

“थांबायच्या आधी. घशात काही अडकलं का?”

“अडकलं नाही, मास्तर.” निषादच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “तुमचंच आहे ते. टेपमध्ये नीट कान दिला तर ऐकू येतं. शिट्टी सुटताना एक घोगरा सूर येतो. तो बसवायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. जीभ मागं ओढून, टाळूला लावून...”

माझ्या नाकात चहा गेला.

निषादनं माझ्याकडे रागानं बघितलं. “हसायला काय झालं, पेद्रूकाका?”

मी इनासकडे बोट केलं. हे त्यानंच सांगायला हवं होतं.

इनास मात्र हसत नव्हता.

“पोरा,” तो म्हणाला, “तो सूर नाही. मी ‘घे’ म्हणालो.”

“...घे?”

“घे.”

निषादच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एक शब्द, तोही साधा मराठी, आणि ह्यानं त्याचा सूर करून ठेवलेला! मला त्याची कीव आली.

“जॅझमध्ये सवाल-जवाब असतो,” इनास हळूच म्हणाला. “चार आवर्तनं माझी, चार तुझी. माझी संपली की शिट्टी काढायची आणि म्हणायचं, घे. पुढच्यानं उचलायचं. आमच्यात तसंच होतं.”

“पण टेपमध्ये पुढचा कुणी नाही.”

“नाही.”

“कोण असायचं?”

“बस्त्याव मास्तर. ट्रम्पेट.”

“ते त्या रात्री आले नव्हते?”

“तो बोटीवरच्या बँडमध्ये लागला. त्याच दिवशी बोट सुटली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नसायला काय झालं? सकाळी मीच त्याला धक्क्यावर सोडून आलो. पेटी मी उचलली होती त्याची.”

निषादनं शिट्टी मांडीवर ठेवली.

“मग... घे कुणाला म्हणालात?”

इनासनं ताटलीतलं सुकेळं उचललं, त्याचे दोन तुकडे केले, एक माझ्यापुढं केला. वसईच्या केळ्यांचं सुकेळं चावायला वेळ लागतो. त्यानं तो वेळ घेतला.

त्या रात्रीचं मला आठवतं. त्यानं ‘घे’ म्हटलं आणि मी चमकून बस्त्यावच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, पण इनास तिच्याकडेच कान देऊन उभा होता. मी ताल सोडला नाही एवढंच. पियानोवाल्याला वाटलं, इनासला चढली. चढली नव्हती.

“ते परत आले?” निषादनं विचारलं.

“कोण?”

“बस्त्याव मास्तर.”

“नाही आला.”

वाडीत केळीच्या पानांची सळसळ झाली. शेजारच्या विहिरीवरचा पंप चालू होता.

मग निषाद उठला. हात जोडले, पुन्हा बसला, आणि शिट्टी ओठाला लावली. मी घाईघाईनं डबा घेतला. त्यानं आपली चार आवर्तनं वाजवली, शिट्टी काढली आणि इनासकडे वळून, अगदी अदबीनं म्हणाला,

“घ्या, मास्तर.”

“वाढतोयस का मला?” इनास म्हणाला.

“म्हणजे?”

“घ्या म्हणजे काय? भात घ्या, आमटी घ्या?”

“तुम्हाला मी घे कसं म्हणू?”

“म्हणू नकोस.”

“मास्तर, आमच्या घरात गुरूंच्या सावलीवर पाय देत नाहीत.”

“चांगलं घर आहे.”

“तुम्ही तरी कुठं म्हणाला असता, तुमच्या गुरूंना...”

“बस्त्याव मास्तरच माझा गुरू.” इनास पुढं झुकला. “मला फुंकायला त्यानं शिकवलं. तो ओटीवर असला की मी खाली पायरीवर बसायचो. त्याच्या देखत कधी विडी ओढली नाही मी. तोंडावर कायम तुम्ही, तुम्ही. पेद्रू, खोटं असेल तर सांग.”

“खरं आहे,” मी म्हणालो.

“आणि वाजवताना?” निषादनं विचारलं.

“वाजवताना काय?”

“वाजवताना... घे?”

इनासनं त्याच्या हातातल्या शिट्टीकडे मान केली.

निषादनं पुन्हा वाजवायला घेतलं. त्याच टेपमधलं, तितकंच बिनचूक. आवर्तनं संपली. त्यानं शिट्टी काढली, तोंड उघडलं... आणि शब्द निघाला नाही. नुसता ‘घ’ आला आणि तिथंच राहिला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बोटं काय हवं ते करत होती, एक अक्षर जिभेवर येत नव्हतं. मला त्याच्या आजोबांचा, पणजोबांचा, सगळ्यांचा राग आला.

“राहू दे,” इनास म्हणाला. “उशीर होतोय. तुझी गाडी चुकेल.”

तेव्हा निषादचं काहीतरी सुटलं. तो रडत नव्हता, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा होता. उद्यापासून ही ओटी बंद, हे त्याला बहुधा त्या क्षणी कळलं. त्यानं शिट्टी लावली आणि टेप सोडून दिली. जे आलं ते वाजवत सुटला. एक बोट घसरलं, सूर फाटला, तो फाटलेलाच पुढं घेऊन गेला. अर्धं भोक, पाव भोक, कसंही. बासरीतलं काहीतरी मध्येच आलं आणि गेलं. मी ताल धरून त्याच्या मागं पळत होतो. असं त्यानं कधी वाजवलं नव्हतं. चांगलं होतं की वाईट, मला ठरवता येईना. मला एवढंच कळत होतं की हा मुलगा कुणाला तरी हाक मारतोय.

आवर्तनं संपली. त्यानं शिट्टी काढली.

“घे!”

इनासचा हात कठड्यावर गेला.

त्यानं आपली शिट्टी उचलली. सदऱ्याला पुसली. ओठाला लावली. सहाही बोटं जागेवर बसली, एक अर्धवट उचललं गेलं...

निषाद त्याच्याकडे झुकला. कान, डोळे, खांदे, सगळंच त्या माणसाकडे वळलं.

मी ताल चालू ठेवला.

चर्चची घंटा झाली. घंटा झाली की इनास जिथं असेल तिथं हातानं क्रूसाची खूण करतो. आज त्याचे हात शिट्टीवरून हलले नाहीत. शेजारचा पंप बंद पडला. चार आवर्तनं होऊन गेली, आणखी किती गेली ते मी सोडून दिलं. निषाद मोजत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तो श्वाससुद्धा घाबरत घेत होता. ओटीवर माणसं ओळखू येईनाशी झाली तरी तो तसाच झुकलेला होता.

इनासनं शिट्टी खाली ठेवली. मीही डबा थांबवला.

“मास्तर...” निषाद म्हणाला. “मी म्हणालो ना... घे म्हणालो ना मी. मग वाजवलं का नाही तुम्ही?”

इनासनं अंधारात चाचपून त्याचा थंड झालेला कप शोधला आणि त्याच्या हातात दिला.

“मग एवढा वेळ कान लावून तू ऐकत काय होतास?”