मूळचे रहिवासी

पॅसिफिक महासागरातली पोवळ्यांची चिमुकली बेटं नुकतीच पाण्यावर आली होती, तेव्हाची गोष्ट. मेलेल्या गोगलगाईच्या शंखात राहणारा शंखोबा खेकडा एका बेटाचा मुखिया होता. एकदा लाटेबरोबर एक नारळ वाळूवर आला.

"काका, रुजण्यापुरती जागा द्या. पाण्यात सडून जाईन."

"इथं फक्त मूळच्या रहिवाशांनाच जागा!"

"तुम्ही मूळचे?"

"म्हणजे काय! आमचे आजोबा ओंडक्यावर बसून आले, तेव्हा इथं कुणी नव्हतं."

"आणि हे घर?"

"गोगलगाईची काही तक्रार नाही," असं म्हणत शंखोबानं त्याला समुद्रात ढकललं.

नारळ शेजारच्या बेटावर रुजला. काही वर्षांनी उन्हानं होरपळलेला शंखोबा सावली शोधत तिथं पोहोचला. तिथल्या खेकड्यांनी त्याला अडवलं, "कुठले तुम्ही?"

शंखोबानं माडाकडे नांगी दाखवली. "त्याला विचारा की! आमच्याच गावचा आहे तो."