हरकत असेल त्यानं बोलावं

सातही समुद्र मी पालथे घातलेत. म्हणजे नकाशावर, बोटानं. आणि नकाशा उलटा धरला होता हे मागाहून कळलं. तरी ऐका.

स्पेनचा कप्तान बेल्त्रान अमेरिकेतल्या एका बेटावर उतरला. त्यानं वाळूत निशाण रोवलं, तलवारीनं एक फांदी छाटली आणि स्वतःच्या भाषेत तीनदा ओरडला, "हे बेट आमच्या राजाचं! हरकत असेल त्यानं बोलावं!" दुभाष्या शेजारीच होता, पण त्याला विचारतो कोण! बेटावरच्या गावाला अक्षरही कळलं नाही, म्हणून कुणी बोललं नाही. झाली कबुली! मग मात्र दुभाष्याकरवी हुकूम सुटला, की कुणी हरकत घेतली नाही, बेट राजाचं झालं, शेतं रिकामी करा.

दुसऱ्या दिवशी यारिमा म्हातारी कंद उकरायची काठी घेऊन थेट जहाजावर चढली. तिनं फळ्यांच्या फटीत काठी रोवली, शिंपल्याच्या धारेनं शिडाचा दोर कापला आणि आपल्या बोलीत तीनदा ओरडली. खलाशी नुसते बघत राहिले.

"काय म्हणते ही?" कप्तानानं विचारलं.

दुभाष्या म्हणाला, "जहाज तिचं झालं. हरकत असेल त्यानं बोलायचं होतं."

"अगं ए थेरडे, आम्ही राहतो इथं! आणि तुझी बडबड कळली कुणाला?"

दुभाष्यानं ते सांगताच म्हातारी म्हणाली, "मग लेका, काल तुझी तरी कुणाला कळली होती?"