ओर्सोला सुईण गढीवर चालत गेली

ही गोष्ट आपल्या मुलखातली नाही. दूर इटलीतल्या डोंगरांतली आहे, आणि तीही अशा काळातली की तो काळ जुना होता की नवा, हे तेव्हाच्या माणसांनाही सांगता येत नव्हतं. जुनं संपलं म्हणावं, तर गढीवर धन्याचं निशाण फडकत होतं. नवं आलं म्हणावं, तर ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या मधल्याच दिवसांत रोकासेर्ना नावाच्या गावात ओर्सोला नावाची सुईण होऊन गेली. ती एकदा भर दुपारी पायी गढीवर गेली आणि जाता जाता मोठी होत गेली, असं म्हणतात. जाता जाता लहान होत गेली, असंही म्हणतात. कसं, ते ऐका.

रोकासेर्ना डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि गढी डोंगराच्या माथ्यावर. खालची सगळी जमीन गढीची. जमिनीवरची माणसंही गढीचीच. धन्याच्या शेतात वेठ करायची, धन्याच्याच गिरणीत दळायचं, धन्याच्याच भट्टीत पाव भाजायचा. लेकीचं लग्न ठरवायचं तर आधी वर जाऊन विचारायचं. नदीचा पूल ओलांडायचा तर परवानगी हवी. बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं, म्हणून कुणी काही बोलत नसे.

मग महामारी आली. घरंच्या घरं रिकामी झाली. धन्याचा बाप गेला, गावातले निम्मे नांगरधरे गेले, ओर्सोलाचा नवरा गेला आणि दोन मुलगे गेले. राहिली ती आणि तिची लेक तेस्सा. साथ सरली तेव्हा शेतं होती पण हात नव्हते. नदीपलीकडच्या शहरात म्हणे हातांना मजुरी मिळते, तिथं माणूस कुणाच्या जमिनीचा नसतो, असं फेरीवाले सांगत. लोक ऐकत आणि बुचकळ्यात पडत. माणूस जमिनीचा नाही, तर मग कुणाचा? 

तेस्साचं मन त्या शहरातल्या एका विणकराशी जुळलं होतं. चिनो त्याचं नाव. लोकर घ्यायला यायचा. ओर्सोलानं रीतीप्रमाणे वर विचारणा केली. गढीचा कारभारी गास्पारे यानं उत्तर आणलं की इथं आधीच माणसं कमी, धनी एकालाही सोडणार नाहीत. तेस्सा त्या दिवसापासून आईशी फारसं बोलेनाशी झाली. ओर्सोलालाही कळेना की लेकीला काय सांगावं. रीत मोडा म्हणावं, तर रीत मोडून कुठं जायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

धनी आल्देरिगो तरुण होता. महामारीतून आपण वाचलो, म्हणून देवाचे उपकार मानावेत असं त्यानं ठरवलं. चर्चच्या भिंतीवरचा जुना गिलावा साथीच्या वर्षी निखळून पडला होता. त्यावरच्या जुन्या चित्रात देव खांबाएवढा होता, धन्याचा आजा देवाच्या गुडघ्याएवढा, आणि गावची माणसं तळाशी उंदरांच्या रांगेसारखी. ते कुणाला कधी खटकलं नव्हतं. मोठा तो मोठा, लहान तो लहान.

जुना चितारी साथीत मेला होता. म्हणून शहरातून नवा बोलावला. नेल्लो त्याचं नाव. खेचरावर बसून आला आणि आल्या दिवसापासून लोकांना वेड लागायची पाळी आणली. तो माणसांकडे टक लावून बघे. शेळ्या काढी, चेस्टनटची झाडं काढी, म्हातारीचा गुडघा काढी. धन्यानं त्याला सांगितलं की बाळ येशूचा जन्म काढ, मागं आमचा डोंगर काढ, आणि डोंगरावर गढीच्या दारात मला काढ. मी सगळ्यांच्या वर असलो पाहिजे.

नेल्लोनं विचारलं, "सगळ्यांच्या वर, धनी? अगदी माथ्यावर?"

"अगदी माथ्यावर," धनी म्हणाला.

येशूच्या जन्माच्या चित्रात बाळाला न्हाऊ घालणारी सुईण असते, अशी तिकडची जुनी रीत. नेल्लोनं त्यासाठी ओर्सोलाला बोलावलं. हातात धरायला मूल नव्हतं म्हणून पिठाची छोटी पिशवी फडक्यात गुंडाळून दिली. ओर्सोलानं ती घेतली आणि तिचा एक हात आपोआप पिशवीच्या वरच्या टोकाखाली गेला, जसा बाळाच्या मानेखाली जातो. बसल्या बसल्या ती पिशवीला थोपटत राहिली. नेल्लो हसला नाही. ओल्या गिलाव्यावर तो भराभर रंग लावत होता, कारण गिलावा सुकला की रंग धरत नाही.

चित्र पुरं झालं आणि पडदा निघाला तेव्हा सारं गाव चर्चमध्ये जमलं होतं. भिंत कुठं गेली, हेच कुणाला उमगेना. भिंतीच्या जागी गोठा होता, गोठ्यामागं शेत, शेतामागं वाट, आणि वाट थेट डोंगरावर चढत गेलेली. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं पुढं होऊन काठी आत घातली. काठी टक्कन गिलाव्याला लागली, तसा तो घाबरून मागं सरला. पुढं बरेच दिवस तो कुठल्याही दारातून जाताना आधी काठी लावून बघायचा, असं म्हणतात.

मग लोकांच्या लक्षात आलं की बाळाजवळ बसलेली ओर्सोला खऱ्या ओर्सोलाएवढी आहे. नाकावरचा चामखीळसुद्धा आहे. आणि धनी? लोक धन्याला शोधू लागले. शेवटी एका पोरीनं बोट दाखवलं. दूर, डोंगराच्या माथ्यावर, गढीच्या दारात अंगठ्याएवढा माणूस उभा होता. त्याचा लाल झगा ओळखू येत होता, तोंड नव्हतं येत.

सुईण मोठी झाली की धनी लहान झाला, यावर लोकांत कुजबूज सुरू झाली. पाद्रीला विचारलं, तर तो म्हणाला की पाहून सांगतो, आणि तो पाहतच राहिला. गुडघे टेकायचे तर ते बाळापुढं की ओर्सोलापुढं, हेही कळेना, कारण एकापुढं टेकले की दुसऱ्यापुढंही टेकले जात. खरी ओर्सोला मागं उभी होती. लोक तिच्याकडे वळून बघत, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिला कुठं उभं राहावं ते सुचेना.

धनी बराच वेळ चित्रातल्या स्वतःला न्याहाळत राहिला. त्यानं नेल्लोला विचारलं की हे असं का?

नेल्लो म्हणाला, "धनी, तुम्ही लांब आहात. लांबचा माणूस लहान दिसतो."

धनी रागावला असता तर लोकांना समजलं असतं. पण तो रागावला नाही, गोंधळला. लहानपणापासून गढीच्या बुरुजावरून त्यानं खालची माणसं मुंग्यांएवढी पाहिली होती. खालून आपण केवढे दिसत असू, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. तो घोड्यावर बसून वर गेला. नेल्लो त्याच दुपारी खेचरावर बसून शहराकडे निघून गेला, आणि गावात पुन्हा कधी दिसला नाही.

म्हणतात की त्यानंतर धनी रोज बुरुजावर उभा राही. कधी एखाद्या शिपायाला खाली शेतात पाठवी आणि तो लहान होत जाताना बघत बसे. जेवणावरून त्याचं मन उडालं. कारभारी गास्पारेला ते बघवेना. शिवाय वेठीला माणसं उशिरा येऊ लागली होती आणि गढीकडे बघून हसू लागली होती. गास्पारेनं धन्याला पटवलं की सुईणीचं चित्र खरवडून टाकावं. पण पवित्र चित्राला हात लावायला एकही गवंडी तयार होईना. तेव्हा गास्पारेनं तोड काढली. जिचं तोंड आहे तिनंच ते खरवडावं, म्हणजे पाप कुणालाच लागणार नाही. आणि तिनं ते केलं, तर तेस्साला पूल ओलांडू द्यावा.

गास्पारे हा निरोप घेऊन आला तेव्हा तेस्सा दारातच होती. तिनं आईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिनं आईकडे सरळ पाहिलं. ओर्सोला म्हणाली की तोंडाचं काय एवढं, आजवर मी ते नदीच्या पाण्याशिवाय कुठं पाहिलं होतं. आणि तिनं शेजारच्या गवंड्याकडून छिन्नी आणि हातोडा मागून घेतला.

गाव चर्चच्या दाराशी गोळा झालं, पण आत ती एकटीच गेली. चित्रापुढं उभी राहिली. तिनं चित्रातल्या कपाळावर छिन्नी टेकवली. मग नाकाशी टेकवली. कुठून सुरुवात करावी ते ठरेना. म्हणून तिनं ठरवलं की आधी हात खरवडावेत, मग तोंड. ती छिन्नी खाली आणू लागली आणि थांबली. त्या हातांवर मूल होतं. एक हात पाठीखाली, एक मानेखाली. हात गेले तर मूल कशावर राहणार?

हे चित्र आहे, मूल पडणार नाही, हे तिला समजत होतं. पण तिचे खरे हात काही केल्या ऐकेनात. लेक इकडे आणि मूल तिकडे, अशी ती कितीतरी वेळ उभी होती. दारातून बघणाऱ्यांना कोणती ओर्सोला भिंतीवरची आणि कोणती भिंतीपुढची हे ओळखू येईना, असं म्हणतात.

शेवटी ती बाहेर आली. छिन्नी तिनं गवंड्याला परत दिली. गास्पारेनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मूल हातात असताना सुईणीला हात सोडता येत नाहीत."

तेस्सा रडू लागली. ओर्सोलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डोंगराच्या वाटेला लागली.

आता पुढचं दोन प्रकारे सांगतात. खाली उभ्या असलेल्यांनी पाहिलं की ओर्सोला चढते आहे आणि लहान होते आहे. आधी तेस्साएवढी दिसली, मग पोरीएवढी, मग अंगठ्याएवढी, आणि गढीच्या दाराशी तर ठिपक्याएवढी. बायका म्हणाल्या, माय गेली, आता काही दिसायची नाही. पण वर बुरुजावर धनी उभा होता. त्यानं पाहिलं की खालून एक ठिपका निघाला आहे आणि तो मोठा होतो आहे. अंगठ्याएवढा झाला, पोरीएवढा झाला, बाईएवढा झाला, आणि तरी वाढतच राहिला. दरवाजावरच्या शिपायांनी भाले आडवे धरले होते. ती जवळ आली तेव्हा तिचं डोकं कमानीला टेकलं, असं म्हणतात, आणि ती वाकून आत आली. शिपायांनी भाले का बाजूला केले, ते त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही.

धनी बुरुजावरून उतरून चौकात आला. ओर्सोलाला धाप लागली होती. तिनं सांगितलं की काम झालं नाही, होणार नाही, माझं काय करायचं ते करा, पण लेकीला जाऊ द्या. मग ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की तुमच्या जन्माच्या वेळी मीच होते. तुम्ही निळे पडला होता. रडत नव्हता. तुमच्या वडिलांनी तोंड फिरवलं होतं. मी तुमच्या तोंडात फुंकर घालत राहिले. तेव्हा तुम्ही माझ्या एका तळहातावर मावत होता.

धन्यानं हे कधी ऐकलं नव्हतं. त्यानं विचारलं, "म्हणजे मी तेव्हाही एवढाच लहान होतो?"

ओर्सोलानं विचार केला. "लहान होता की मोठा, ते मला नाही आठवत, धनी," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही जवळ होता."

खालच्या लोकांना मग दोन ठिपके उतरताना दिसले. घोडा नव्हता. रोकासेर्नाच्या धन्याला कुणी पायी येताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो दुसरा कोण, हे तो अगदी समोर येईपर्यंत कळलं नाही. टोप्या काढाव्यात तर उशीर झाला होता. धनी चर्चमध्ये गेला. जिथं ओर्सोला छिन्नी घेऊन उभी होती, तिथंच उभा राहिला, आणि भिंतीवरच्या हातांकडे बघत राहिला.

गास्पारेनं विचारलं की धनी, हुकूम काय?

धनी म्हणाला, "मला ठाऊक नाही."

असा हुकूम त्या खोऱ्यात कधी निघाला नव्हता. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेस्सानं मात्र वाट पाहिली नाही. तिनं गाठोडं बांधलं, आईच्या गळ्यात पडली आणि पुलाकडे निघाली. पुलावरच्या पहारेकऱ्यानं परवानगी विचारली. ती म्हणाली की धन्यानं नाही म्हटलेलं नाही. पहारेकरी विचारात पडला, आणि तो विचारात असतानाच ती पलीकडे गेली.

तिच्यामागून आणखी काही गेले. वेठ बंद झाली असं कुणी सांगितलं नाही, चालू आहे असंही नाही. कित्येक म्हातारे पहाटे सवयीनं कुदळ घेऊन धन्याच्या शेताच्या बांधावर येत आणि आत जावं की घरी जावं, या विचारात उभे राहत. पुढं धनी मजुरी देऊ लागला. काहींना ते आवडलं. काही म्हणाले की पूर्वी निदान आपण कुणाचे ते माहीत होतं. भांडणं कुणाकडे न्यायची, यावरूनच नवी भांडणं झाली. ओर्सोलाला विचारायला येत, तेव्हा ती म्हणे की मला बाळंतपणातलं विचारा.

ती खूप वर्षं जगली. ती गेली त्या दिवशी शहरातून तेस्सा नातवंडं घेऊन आली होती. चर्चची घंटा कुणी न वाजवता वाजली, असं म्हणतात. वारा होता, असंही म्हणतात. चित्र आज फार पुसट झालं आहे. डोंगर गेला, गढी गेली, लाल झगा गेला. गोठ्याजवळचे हात तेवढे दिसतात.

रोकासेर्नात आजही मूल जन्मलं की गावात जो कुणी सगळ्यांत मोठा समजला जातो त्याला बोलावणं जातं. कधी तो महापौर असतो, कधी दवाखान्याचा डॉक्टर, कधी कारखान्याचा मालक. त्यानं गाडी पुलाशी सोडायची आणि पायी यायचं. दाराशी थांबून पाहिलं तर चालत नाही. खाटेशी यायचं आणि मुलाचा श्वास गालाला लागेल इतकं वाकायचं. या चालीला ते ओर्सोलाचं दर्शन म्हणतात. हे कशासाठी, असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि सांगता सांगता अडखळतो. बाळंतीण मात्र अडखळत नाही. पाहुणा वाकून थांबला की ती उशीवरून म्हणते, "अजून जवळ या."