घंटामामांचा विसावा

एका गावात एक चर्च होतं. इतकं लहान, की पाळकसाहेब शिंकले तर शेवटच्या बाकावरून 'आमेन' ऐकू यायचं. घंटा वाजवायला एकच म्हातारा माणूस. त्याला सगळे घंटामामा म्हणत.

पुढे मंडळी वाढली. नवी इमारत झाली, घंटा उंच मनोऱ्यात गेली आणि जिना चढताना मामांना धाप लागू लागली. कमिटीनं ठरवलं, घंटेला तरुण गडी ठेवायचा आणि मामांनी दारात उभं राहून नव्या माणसांचं स्वागत करायचं. हे मामांना सांगायचं कोणी? पाळकसाहेबांनी.

साहेब मामांच्या घरी गेले. चहा प्यायले, "साखर जरा जास्त झाली" म्हणाले आणि मुख्य गोष्ट तोंडातच ठेवून परतले. असं बऱ्याचदा झालं.

एका रविवारी मामा लेकीच्या गावाहून उशिरा यायचे होते. साहेबांना वाटलं, बरी संधी आहे! उपासनेत उभे राहून म्हणाले, "आपल्या घंटामामांना आता विसावा मिळाला आहे."

आता ख्रिस्ती घरांत 'प्रभूमध्ये विसावले' कोणाला म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

एक बाई हुंदका देत म्हणाली, "अगं बाई! कधी हो?"

"मागच्याच महिन्यात ठरलं."

"ठरलं? कोणी ठरवलं?"

"कमिटीनं!"

सगळे गार पडले. साहेबांच्या ध्यानात येईपर्यंत नव्या गड्यानं मनोरा गाठून मरणाचे संथ टोले सुरूही केले.

आणि दारात मामा! टोले ऐकून धावत आलेले, घामाघूम. "कोण गेलं?"

बायका किंचाळल्या. वर टोले चालूच. मामा एकेक बाक न्याहाळू लागले, कोण दिसत नाही ते शोधत. "अरे, बोला ना! आपलं कोण गेलं?"

सगळ्यांच्या नजरा साहेबांवर. 'घंटा चुकून वाजली' एवढं म्हटलं असतं, तरी त्या दिवसापुरतं निभावलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण साहेब ते गिळून व्यासपीठावरून खाली उतरले.

"कोणी गेलं नाही, मामा. माझ्या बोलण्यानं यांना वाटलं तुम्हीच गेलात, म्हणून ही रडारड. तुमचं घंटेचं काम गेलं, आता दारात नव्या माणसांचं स्वागत करायचं. तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही. क्षमा करा."

मामा म्हणाले, "काम गेलं ते चालेल, साहेब. गुडघे माझेच आहेत, मला कळतं. पण चहातली साखर सांगता आली, आणि हे नाही?"

मामा दाराकडे वळले.

"दारात उभा राहीन मी. पण तुमच्यासाठी नाही. ही माणसं माझ्यासाठी रडलीत, त्यांना तोंड दाखवायला नको?"

मामा दारात उभे राहू लागले. साहेब मात्र अजूनही कोणाकडे गेले, की घरची बाई उंबऱ्यातच अडवते, "साहेब, आधी काय ते सांगा, मग बसा."

तात्पर्य काय, तर: ज्याचं काम बदलायचं, त्याला आधी गाठून सरळ सांगावं, बातमी गोड शब्दांत गुंडाळली, की जिवंत माणूसही पुरला जातो.