म्हैस कुठवर आली?

त्या राज्यात टेकडी एका टोकाला होती, नदी दुसऱ्या टोकाला, आणि मधले सगळे अंतर हौसा म्हशीच्या पाठीवरून पार करावे लागे.

हौसा रोज दोन खेपा करी. टेकडीवरच्या विहिरीपासून निघायची, चिंचेखाली थांबायची, मग खळे, मग वारूळ आणि शेवटी नदीकाठची वाळू. पाठीवर बारा जण ऐसपैस बसत, दाटीवाटीने चौदा. घुशी बसत, सरडे बसत, खारी बसत. गोगलगायी तर एकदा चिकटल्या की उतरायचेच विसरत. वाहक म्हणून एक गोचीड होता. तो कायम नोकरीत असल्यामुळे त्याला काढण्याचा प्रश्नच नव्हता. बोलायला तुसडा, पण कोणाला कुठे उतरायचे ते त्याला पाठ होते. निघायची वेळ झाली की तो हौसाला एक चावा घेई आणि हौसा चालू लागे. कोणी म्हातारे चढत असले, तर तो चावा जरा लांबवी.

अडचण एकच होती. खळे आणि वारूळ यांच्यामध्ये चिखलाचे एक डबके होते. ते दिसले की हौसाचे पाय आपोआप तिकडे वळत. मग ती घटकाभर बसे, कधी दोन घटका, कधी आख्खी दुपार. पाठीवरची मंडळी पाय वर घेऊन मुकाट बसून राहत. पुढच्या थांब्यांवरची मंडळी एकमेकांना विचारत, "म्हैस कुठवर आली?" कोणालाच ठाऊक नसल्यामुळे गप्पा चांगल्या रंगत.

टेकडीवरच्या विहिरीत तान्हूबाई कासवी राहत असे. विहिरीचे शेवाळ काढण्याचे काम तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. अंडी मात्र नदीच्या वाळूतच घालायची, ही रीतही तितकीच जुनी. कासवीला अंड्यांवर बसावे लागत नाही. वाळू ती ऊब देते. कासवीला फक्त वेळेवर हजर राहावे लागते. पिल्ले वाळूतून वर आली की ती त्यांच्याकडे एकदा डोळे भरून बघते. त्या नजरेवर त्यांची पोटे भरतात, मग ती पाण्यात उतरतात आणि पुन्हा भेटत नाहीत. दूध नाही, घास नाही. जे काही लाड व्हायचे ते त्या एका बघण्यात.

आदल्या वर्षी म्हैस डबक्यात बसली आणि तान्हूबाई संध्याकाळी वाळूवर पोहोचली. तिथे फुटकी टरफले होती आणि पाण्याकडे गेलेली बारीक बारीक पावले. त्या पावलांशेजारी ती बसून राहिली. तिला फार वाईट वाटले, आणि घरी परतल्यावरही ते वाईट वाटणे काही केल्या कमी झाले नाही. म्हणून यंदा सात अंडी वाळूत पुरून आल्यावर तिने जन्मात पहिल्यांदा तक्रार केली.

नगराची सभा भरली. नगराध्यक्ष दगडोजी रानडुक्कर अध्यक्षस्थानी बसले. तान्हूबाई मान पूर्ण बाहेर काढून म्हणाली, "मला बाकी काही नको. म्हैस तेवढी वेळेवर येऊ दे."

डबके बुजवावे, हा उपाय कोणालाही सुचला असता. पण सभा डबक्यातच भरलेली होती. दगडोजींची दुपारची विश्रांती तिथेच होत असे आणि त्या वेळी सर्व सभासद गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते. त्यामुळे तो उपाय कोणाला सुचला नाही.

तेव्हा धवलराव बगळे पुढे झाले. विचार करताना एक पाय वर घेण्याची त्यांची सवय होती आणि त्यामुळे ते सतत विचारात आहेत असे वाटे. ते म्हणाले, "उशिराची तक्रार ही खरी तक्रारच नाही. उशीर जनतेच्या अंगवळणी पडलेला आहे. जनतेचा त्रास असा, की उशीर नेमका किती, ते तिला कळत नाही."

तान्हूबाई म्हणाली, "नाही हो, मला उशीरच नको आहे."

"तेच म्हणतोय मी," धवलराव म्हणाले आणि ठराव मंजूर झाला.

आठवड्याभरात प्रत्येक थांब्यावर एक पोपट बसला. काय सांगायचे ते पोपटांना शिकवलेले होते. "म्हैस येत आहे," ते म्हणत. सकाळी म्हणत, दुपारी म्हणत, हौसा समोरून निघून गेल्यावरही म्हणत, आणि पुढच्या खेपेच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. लोकांना बरे वाटले. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी आपल्याशी बोलत होते.

पण नुसते येत आहे म्हणून भागेना. कुठवर आली? तेव्हा पोपटांना खरी बातमी पुरवायला हौसाच्या पाठीवर एक बगळा बसवण्यात आला. तो दर थांब्याआधी उडून पुढे जाई आणि पोपटाच्या कानात सांगून परत येई. त्याची बसायची जागा धरून आता अकराच प्रवासी मावू लागले, पण बातमी पक्की झाली. "म्हैस खळ्यापाशी आहे," पोपट म्हणे आणि ती खरोखर खळ्यापाशी असे.

मग कोणीतरी शंका काढली, की तो बगळा उडालेला असताना म्हशीवर लक्ष कोण ठेवते? म्हणून दुसरा बगळा आला. ती डबक्यात किती वेळ बसते ते मोजायला तिसरा आला. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मोजण्यात फरक पडू लागला, तो मिटवायला चौथा आला. चौघांवर देखरेख म्हणून धवलराव स्वतः आले आणि पुढच्या बाजूला, शिंगांच्या मागे, हवेशीर जागी बसले. तिसऱ्याच दिवशी गोचीड दिसेनासा झाला. धवलरावांनी चोच पुसली आणि वाहकाचे पद रिक्त असल्याची नोंद केली.

श्रावणाच्या अखेरीस हौसाच्या पाठीवर चौदा बगळे होते. दाटीवाटीने.

याचा एक अनपेक्षित फायदा झाला. पाठीवर जागाच नसल्यामुळे थांब्यांवर थांबायचे कारण उरले नाही. चढणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी खोळंबायचे कारण उरले नाही. डबक्यातली बैठक वेळापत्रकातच घातली गेली, तेव्हा तीही उशिरात मोजायची राहिली नाही. हौसा घड्याळासारखी धावू लागली. दगडोजींनी तिचा सत्कार केला. श्रीफळ बगळ्यांनी वाटून घेतले. शाल हौसाने खाल्ली.

पौर्णिमेला अंडी फुटणार होती. तान्हूबाई हिशेबाने सहा दिवस आधी विहिरीपाशी थांब्यावर येऊन बसली. विहिरीपासून वाळूपर्यंत तिला पायी पाच दिवस लागत, म्हशीवरून अर्धा दिवस. यंदा कुठलाही धोका पत्करायचा नाही, असे तिने ठरवले होते.

थांब्यावर बापूसाहेब बेडूक होते. ते रोज असत. त्यांना कुठेही जायचे नव्हते. पण आंघोळ उरकून थांब्यावर यायचे, दिवसभर पोपटाचे ऐकायचे आणि अंधार पडायच्या आत घरी जायचे, असा त्यांचा क्रम बसला होता.

"तान्हूबाई, या, बसा," ते म्हणाले. "आता काय काळजी नाही बघा. पूर्वी काय हाल होते आपले. म्हैस आहे का मेली, ते समजायचं नाही."

पोपट म्हणाला, "म्हैस उतारावर आहे. लवकरच पोहोचेल."

"बघा," बापूसाहेब म्हणाले.

म्हैस लवकरच पोहोचली आणि तितक्याच लवकर पुढे गेली. चौदा बगळ्यांनी चौदा माना वळवून थांब्यावर किती जण आहेत ते मोजले. तान्हूबाईने पुढचा पाय वर केला होता, तो तसाच राहिला.

"पुढच्या खेपेला दोन जागा होण्याची शक्यता आहे," पोपट म्हणाला.

हे तान्हूबाईला पटले. दोन जागांपैकी एक आपली, कारण रांगेत दुसरे कोणी नाही आणि बापूसाहेबांना तर जायचेच नाही. दुपारच्या खेपेला जागा झाल्या नाहीत. पोपटाने दिलगिरी व्यक्त केली. यापूर्वी तिच्याकडे कोणी दिलगिरी व्यक्त केली नव्हती, त्यामुळे तिला उलट संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी पोपट म्हणाला, की गर्दी लक्षात घेता जादा म्हशीचा विचार चालू आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, की जादा म्हशीवर किती बगळे लागतील याचा विचार चालू आहे. तान्हूबाई मनात दिवस मोजत होती. आज निघाले तर चालत पोहोचेन, असे तिला दोनदा वाटले. पहिल्या दिवशी खरे होते, दुसऱ्या दिवशीही कसेबसे खरे होते. पण दोन्ही वेळा ती पाय उचलते न उचलते तोच पोपट म्हणाला, "म्हैस चिंचेवरून परत निघाली आहे," आणि आता निघून जाणे म्हणजे मूर्खपणा असे तिला वाटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या ध्यानात आले, की पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि वाट पाच दिवसांची आहे.

"मी निघते, बापूसाहेब."

"अहो, कुठं चाललात? उद्याची खेप वेळेवर आहे, आत्ताच सांगितलं की त्यानं."

"ती वेळेवरच असते. मीच तिच्यावर नसते."

बापूसाहेबांना हे बोलणे जरा आगाऊ वाटले. ते पोपटाकडे तोंड करून बसले.

तान्हूबाई चालू लागली. उतारावर ती दोनदा घसरली आणि त्यात थोडा वेळ वाचला. चिंच गेली. खळे आले. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हौसा धूळ उडवत तिच्या शेजारून जाई, आणि परतताना पुन्हा. हौसा डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघे. पूर्वी या पाठीवर कासवी बसली की एक बरा जडपणा वाटत असे, तो हौसाला आठवत असावा. पण थांबण्याचे काम तिच्याकडे राहिले नव्हते.

डबक्यापाशी म्हैस बसलेली होती. बगळ्यांना तेवढ्या वेळात करण्यासारखे काही नव्हते. वेळेवर धावणाऱ्या म्हशीची बातमी ती काय असणार? तेवढ्यात तान्हूबाई डबक्याच्या काठाने हळूहळू चाललेली धवलरावांना दिसली. त्यांनी एक पाय वर घेतला.

"बाई, कुठं निघालात?"

"वाळूवर. पोरं निघायचीत माझी."

"किती?"

"सात."

"त्यांना कल्पना आहे, तुम्ही कुठवर आलात त्याची?"

"त्यांना कसली कल्पना? ती अजून अंड्यात आहेत. साहेब, बसायला जरा जागा होईल का? मी अंग आवरून बसते."

धवलरावांनी मागे वळून पाहिले. तेरा बगळ्यांनी आपापले पंख थोडे पसरले.

"जागा नाही," धवलराव म्हणाले. "पण तुम्ही काळजी करू नका. आता आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवू."

आणि त्यांनी शब्द पाळला. तेव्हापासून एक बगळा तिच्या वर घिरट्या घालू लागला. ती उपासाने थकून मान आत घेई तेव्हा तो तशी नोंद करी. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती वारुळापाशी पोहोचली. त्याच वेळी पलीकडे पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, आणि तो बघून तिला रडू आले. बगळ्याने ती वारुळापाशी असल्याची नोंद केली आणि बगळे झोपायला जातात त्या झाडावर तो झोपायला निघून गेला.

ती मात्र थांबली नाही. रात्रभर चालली. वाटेत तिने मनाची तयारी करून ठेवली. टरफले असतील, पावले असतील, आपण थोडा वेळ बसू आणि परत फिरू. शेवाळ किती वाढले असेल, याचाही विचार तिने मुद्दाम करून पाहिला.

सकाळचे ऊन वाळूवर पडले तेव्हा ती काठावर आली. टरफले होती. पावलेही होती. पण पावले पाण्याकडे गेलेली नव्हती. ती उलट दिशेला, शेवटच्या थांब्याच्या झाडाकडे गेली होती.

झाडाखाली सात पिल्ले होती. एकामागे एक, सरळ रांगेत, नदीकडे पाठ करून. सातही माना वर होत्या आणि फांदीवर पोपट बसला होता.

"तुमची आई वारुळापाशी आहे," पोपट म्हणाला. "लवकरच पोहोचेल."

सातही पिल्लांनी समाधानाने माना हलवल्या.

 तान्हूबाई जमेल तितक्या घाईने रांगेच्या टोकाला आली आणि म्हणाली, "बाळांनो, अरे, इकडे बघा."

सर्वांत मागच्या पिल्लाने वळून पाहिले नाही. पोपटाचा एखादा शब्द हुकला असता.

"आजी, रांग मागून आहे," ते हळूच म्हणाले. "आणि जरा गप्प बसा. आई कुठवर आली ते सांगतायत."

तान्हूबाई त्याच्या मागे उभी राहिली. वर पोपटाने गळा साफ केला, आणि तीही मान उंच करून ऐकू लागली.