शेजारचा बाक

"रेकॉर्डिंग तयार आहे, बाई. आता आपल्या वाचनालयाला आणखी काय हवं?"

"इथला बाक कुठे गेला?" शेडगेबाईंनी विचारलं.

वाचनालयात मदतीला येणाऱ्या निनादला हसू आलं. ग्रंथपाल म्हणून बाईंची तीस वर्षांची चाकरी, आणि चौकशी कशाची, तर बाकाची!

"व्हरांड्यात ठेवला. ऑनलाइन फॉर्म कसा भरायचा ते सगळं व्हिडिओत दिसतं. आता कुणाच्या शेजारी बसून शिकवायला नको."

बाईंनी व्हरांड्याकडे एक नजर टाकली.

तेवढ्यात हौसाबाई आल्या. नातवंडं झाल्यावर दहावीला बसायची जिद्द धरलेली बाई. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदत उद्याच संपत होती.

त्यांनी आपल्या फोनवर निनादचा व्हिडिओ पाहिला. मान डोलावली. मग फॉर्म उघडला... आणि दुसऱ्या पानावर अडल्या. पुन्हा व्हिडिओ लावला. फॉर्मवर परतल्या, तर भरलेलं सगळं पुसलेलं.

असं तीनदा झालं.

"ऱ्हाऊ दे पोरा," त्यांनी फोन पिशवीत टाकला. "माझ्याच डोस्क्यात शिरंना. फुडल्या वर्साला बघू."

निनादचं तोंड एवढंसं झालं. व्हिडिओत एक चूक नव्हती. मग अडलं कुठे?

"तुझा फोन काढ," शेडगेबाई म्हणाल्या. "त्यावर तुझा व्हिडिओ लाव आणि यांच्याजवळ धर. तोंडातून शब्द काढायचा नाही."

दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. निनादच्या हातात व्हिडिओ, हौसाबाईंच्या हातात फॉर्म.

"थांबीव... जरा मागं घे... हां, आता जाऊ दे."

किती भरभर बोलतो आपण! निनादला स्वतःचीच लाज वाटली. आठ मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागला.

"गेला! गेला की रं फॉर्म!" हौसाबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. निनादचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तो आला, तर हौसाबाई त्याच बाकावर. हातात त्याचा व्हिडिओ, शेजारी फॉर्म भरणारी त्यांची सून. पुढे आणखी दोघी ताटकळत उभ्या.

"बाई..." त्याने हळूच विचारलं, "बाक आत आणू?"

शेडगेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आण... पण चौघं मावतील असा बघ."