उजव्या पाकळीचं राज्य

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर माझी जीभ झडो. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, पण जो हजर होता त्याच्या मेव्हण्याशी माझी चांगली ओळख होती. आता मेव्हणाही नव्हता म्हणा, एक साळुंकी होती. आणि साळुंकी खोटं बोलत नाही, फार तर जास्त बोलते.

तर त्या राज्याचा राजा अरिंजय. वयाने तरणा, तलवारीत तरबेज, आणि स्वतःच्या मनाने आजवर एक गोष्ट ठरवली असेल तर शपथ. राज्याची देवी कौलाई. तिथला रिवाज असा, की काही विचारायचं असलं म्हणजे पुजाऱ्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालून वाट पाहायची. उजवी आधी पडली तर ‘हो’, डावी आधी पडली तर ‘नाही’. एका गोष्टीचा कौल एकदाच. पुन्हा विचारणं नाही. अरिंजयाचे वडील जाताना सांगून गेले होते, “कौलाशिवाय पाऊल उचलू नकोस.” त्यामुळे कोणत्या कुशीवर झोपायचं तेही तो विचारून झोपे.

त्याच वडिलांनी एका मांत्रिकाला हद्दपार केलं होतं. त्याचं नाव धूम्राक्ष. गुन्हा एवढाच, की “मूर्तीत देवी नाही, नुसता दगड आहे,” असं तो चारचौघांत म्हणाला. वेस ओलांडताना धूम्राक्षाने चिमूटभर राख हवेत उडवली आणि पुटपुटला, “आजपासून तुमची देवी फक्त हो म्हणेल.” हे त्याच्या खांद्यावरच्या साळुंकीशिवाय कोणी ऐकलं नाही. राख खाली बसली, आणि देवळात डावी पाकळी मूर्तीच्या खांद्याला अशी चिकटली, की खरवडूनही निघेना.

लोक म्हणाले, देवी प्रसन्न झाली! जावयांनी विचारलं, “आणखी महिनाभर राहू?” देवी म्हणाली, राहा. एकाने विचारलं, “कुंपण हातभर पुढे सरकवू?” सरकव. त्याच्या शेजाऱ्याने विचारलं, “ते कुंपण उपटू?” उपट. मग दोघांची डोकी फुटली, पण दोघंही देवीच्या आज्ञेत होते.

देवळामागच्या टेकडीत एक शापित खजिना होता. त्याच्या उंबरठ्यात निष्पाप माणूस जिवंत पुरला, तरच दार उघडणार होतं. अमात्य वक्रनाभाने देवीला विचारलं, “येत्या पौर्णिमेला सुंद्रा माळणीला पुरू?” उजवी पाकळी टपकन पडली.

सुंद्रा देवीला रोज फुलं घालणारी. तिला मागेपुढे कोणी नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं, की एकदा भर देवळात तिने विचारलं होतं, “अमात्यजी, देवीच्या हारापेक्षा तुमचा हार लांब का लागतो हो?”

राजाची आई लवकर गेली, तेव्हा याच सुंद्राने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. राजा तिला भेटायला कोठडीत गेला.

“महाराज, मला पुरणं बरोबर आहे?” तिने विचारलं.

“देवी म्हणाली, बरोबर.”

“देवीला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं.”

राजा सवयीने तिच्या खांद्यांवर पाकळी शोधू लागला.

“कडेवर होतात तेव्हा बरं बोलत होतात,” सुंद्रा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

राजा बाहेर आला तो कठड्यावर साळुंकी. धूम्राक्षाचा मुलूख तिला मानवला नव्हता. तिथे बोलायला माणूसच नाही. तिने शापाची हकिकत सांगून टाकली आणि म्हणाली, “पौर्णिमेच्या आत त्याला गाठ. वाटेत दोन नगरं आहेत, तिसरा तो. तिन्ही ठिकाणी तुझी परीक्षा होईल, आणि कौल लावायला कुठेच कौलाई नसेल.”

राजाने घोड्यावर खोगीर चढवलं, आणि साळुंकी वाट दाखवायला त्याच्या खांद्यावर बसली.

पहिलं नगर तळ्यावर तरंगत होतं. तिथे देऊळ नाही, देव्हारा नाही. देव हा शब्दही त्यांच्या बोलीत नव्हता. राजा धर्मशाळेत आपल्या गाठोड्यावर बसून राहिला. धर्मशाळेची बाई म्हणाली, “अहो पाहुणे, टेका की पाठ.”

“कसा टेकू? इथे चोरी झाली तर वरून पाहणारं कोणी नाही.”

“म्हणजे तुमच्याकडे वरून कोणी पाहतं, म्हणून चोरी होत नाही?”

“अर्थात.”

बाईने आत हाक मारली, “अहो, ऐकलंत का? पाहुण्यांपुढची भांडी मोजून उचला!”

राजाला झोप लागली ती उजाडेपर्यंत. उठला तर गाठोडं जागेवर, शिवाय फाटका कोपरा कोणीतरी शिवून ठेवलेला. निघण्यापूर्वी जेवताना त्याने विचारलं, “बाई, खजिन्यासाठी निष्पाप माणूस पुरावा का?” तिने वाढत असलेला भात हातातच धरला. “पाहुणे आहात म्हणून जेवायला घालते,” ती म्हणाली, “नाहीतर असं विचारणाऱ्याला उठवलं असतं.”

दुसऱ्या नगरात देवच देव. संध्याकाळी ते ओट्यांवर विड्याची पानं लावत बसत. एकाला कांदा वर्ज्य, दुसऱ्याला कांद्याशिवाय नैवेद्य चालत नसे. एक म्हणे उत्तरेकडे तोंड करा, दुसरा म्हणे खबरदार. राजाला हायसं वाटलं. इथे सांगणारं कोणीतरी होतं! त्याने पहिल्या ओट्यावर विचारलं, “निष्पाप माणूस पुरावा का?” “नाही.” दुसऱ्या ओट्यावर, “नाही.” आळी संपली. दिवसभरात सगळ्यांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

“हा नियम आपण केलात, देवा?” राजाने सर्वांत म्हाताऱ्या देवाला विचारलं.

देवाने कान खाजवला. “आम्ही आलो तेव्हा तो होताच, बाळ. कांद्याचं तेवढं आम्ही ठरवलं.”

तिसऱ्या मुक्कामी धूम्राक्ष आपल्याच सावलीची घडी घालून तिच्यावर बसला होता. राजाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“शाप काढतो,” धूम्राक्ष म्हणाला, “पण त्या साळुंकीची मान मुरगळ. घरातलं बाहेर बोलते.”

“वाटेत म्हटलं नव्हतं?” साळुंकी किंचाळली. “याला आधीपासून बोलक्या माणसांचं वावडं!”

राजाने तिला मुठीत धरलं. एका पक्ष्याच्या बदल्यात सुंद्रा. मुठीत एक एवढंसं काळीज धडधडत होतं, आणि साळुंकी जन्मात पहिल्यांदा गप्प बसली होती. राजाने मूठ उघडली.

“नाही.”

“का? तुझी देवी इथे पाहत नाही. मी तर मानतच नाही. तुला अडवलं कोणी?”

“कोणीच नाही. हिने काय केलंय?”

“सुंद्रा मरेल.”

“तिला वाचवायला दुसरा मार्ग शोधीन. हिला मारलं तर वक्रनाभात आणि माझ्यात फरक कोणता?”

धूम्राक्ष म्हणाला, “राजा, खरं सांगतो. शाप दिला मी, पण काढता मला येत नाही. आणि सुंद्राच्या वेळची पाकळी माझ्या शापाने पडली, की आत खरंच कोणी आहे आणि तिच्याच मनात तसं होतं, हेही मला ठाऊक नाही.”

राजाला निदान तेवढं तरी ऐकायचं होतं, की तो कौल खोटा होता. तेही मिळालं नाही. रिकाम्या हाताने त्याने घोडा परत फिरवला.

पौर्णिमेला तो पोहोचला, तेव्हा सुंद्रा खड्ड्यात उभी होती आणि माती गुडघ्यापर्यंत आली होती. देवळाचं मागचं दार समोरच उघडं.

“माती काढा,” राजा म्हणाला.

वक्रनाभ पुढे झाला. “महाराज, देवीचा कौल आहे.”

“असेल.”

“आपण देवीपेक्षा मोठे झालात?”

“नाही.” राजा मूर्तीकडे वळला. त्याने हात जोडले. “आई, पाकळी शापाने पडली असेल तर माझं ऐक. तुझ्या मनाने पडली असेल, तरीही ऐक. हे वाईट आहे. तू म्हणालीस तरी वाईट आहे. मी हे होऊ देणार नाही. शिक्षा करायची ती मला कर.”

खांद्यावरची डावी पाकळी, वर्षानुवर्षं चिकटलेली, सुटली आणि गिरक्या घेत खाली आली. मूर्ती म्हणाली, “बाळा, एवढं ऐकायला मी किती काळ बसले होते!” टेकडी मिटली, खजिना तिच्या पोटात गेला, आणि वक्रनाभाला देवळाचं अंगण झाडायचं काम लागलं. कौल पुन्हा दोन्हीकडे पडू लागले. अरिंजय अजूनही विचारतो. पण आधी स्वतःला, मग देवीला.

आता कबूल करतो. तरंगतं नगर खरं, ओट्यावरचे देव खरे, सावलीची घडी तर मी हाताळून पाहिली आहे. देवी बोलली, ते मात्र माझ्या पदरचं. अशा जागी कोणीतरी बोललेलं ऐकणाऱ्यांना बरं वाटतं, म्हणून घातलं. पाकळी पडली, ते खरं. ती देवीने पाडली असं पुजारी म्हणतो, वाऱ्याने पडली असं धूम्राक्ष म्हणतो, आणि दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही. साळुंकीला विचाराल, तर ती म्हणते, पाकळी कधी पडली ते मी पाहिलंच नाही. तेव्हा राजा खड्ड्यात उतरून हातांनी माती उपसत होता, आणि सुंद्रा त्याला सांगत होती, “सावकाश, महाराज, पाय आहे तो माझा.”